बिळातला गाळ

ओडेल क्रेनशॉला ओक्लाहोमातली किआमिशी नदी पायांनी पाठ होती. एकाहत्तराव्या वर्षी वर्तमानपत्रातली अक्षरं त्याला धूसर दिसायची, टीव्हीवरच्या बातम्या अर्ध्याच ऐकू यायच्या. पण गढूळ पाण्यात छातीपर्यंत उभा राहून नुसत्या पायाच्या तळव्याने चाचपून तो सांगायचा, की या बिळात मासा आहे, ते रिकामं आहे आणि त्या तिसऱ्याच्या वाटेला कुणी जाऊ नये.

बिळात हात घालून मासा धरायची विद्या त्याला बापाकडून मिळाली होती. गळ नाही, जाळं नाही. जूनमध्ये मोठे कॅटफिश काठाखालच्या बिळांत अंडी घालतात आणि नर तोंडाशी राखण करत बसतो. माणसाने श्वास कोंडून बुडी मारायची आणि हात आत सारायचा. मासा चिडून हाताला चावतो. त्याचे दात कानशीसारखे, कातडं सोलवटतं, पण त्यापलीकडे काही होत नाही. चावला की तोच हात त्याच्या जबड्यात अडकवायचा आणि त्याला ओढून बाहेर काढायचा. एवढंच. बाकी सगळी अक्कल हात घालायच्या आधीची.

ती अक्कल ओडेलने तीन उन्हाळे घालून जावयाला शिकवली होती. जावई कॉर्बिन टिडवेल कॅन्ससच्या सपाट मुलखातला, नदी म्हणजे पुलावरून बघायची गोष्ट एवढीच ओळख असलेला. उंच, शांत, लाजाळू पोरगा. पवनचक्क्यांच्या दुरुस्तीचं काम करायचा. तीनशे फूट उंच शिडी चढणारा हा माणूस पहिल्यांदा कमरेएवढ्या पाण्यात उतरला तेव्हा ओडेलचा खांदा सोडत नव्हता.

"आधी पाय," ओडेल त्याला म्हणायचा. "मासा आपलं घर शेपटीने झाडून लख्ख ठेवतो. तळव्याला जमीन कडक, गुळगुळीत लागली तर आत मासा. मऊ लागली, गाळ लागला, तर आत दुसरं कुणीतरी आहे."

"दुसरं म्हणजे?"

"बीव्हर. साप. नाहीतर कासव."

"कासवाला काय भ्यायचं, ओडेल?"

"कासवाकासवात फरक असतो, पोरा. रस्ता ओलांडताना दिसतं ते साधं चावरं कासव. पाण्यात असेल तर तुला बघून पळेल. जमिनीवर उचलायला गेलास तर मान मागे वळवून लचका तोडेल. टाके पडतील, जखम चिघळेल, पण बोट बहुधा शाबूत राहतं. नदीतलं ते दांडगं मात्र पळत नाही. पाठीवर मगरीसारखे कंगोरे, डोकं माझ्या दोन मुठींएवढं. अंधारात जबडा उघडून बसून राहतं, मासा आपणहून तोंडात येईपर्यंत. त्याला मासा काय आणि बोट काय."

"मग?"

"मग काठी. पायाला शंका आली की काठी आत घालायची. कवचाला लागली तर लाकडावर लाकूड आपटल्यासारखी खट्ट वाजते. वाजली की हसतमुखाने तिथून निघायचं."

काठी बोटीतच असायची, वेळूची, पाच फुटांची, एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली.

तिसऱ्या उन्हाळ्यात कॉर्बिनला वायोमिंगमध्ये नोकरी मिळाली. मोठी कंपनी, वर राहायला घर. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जायचं होतं. शेल्बी म्हणजे ओडेलची एकुलती एक मुलगी, चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदाच ओक्लाहोमा सोडून निघाली होती. तिची आई मार्व्हा दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. तेव्हापासून शेल्बी आणि कॉर्बिन ओडेलच्या घरामागे ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहत. सकाळचा नाश्ता तिघांचा एकत्र व्हायचा, संध्याकाळी शेल्बी राजमा आणि मक्याच्या पावाचं ताट घेऊन यायची. वायोमिंगची बातमी ओडेलने नाश्त्याच्या टेबलावर ऐकली, "छान झालं," म्हणाला आणि पावासारख्या मऊ बिस्किटावर रस्सा ओतत राहिला, तो ताटलीच्या काठावरून टेबलावर सांडेपर्यंत.

जूनच्या शेवटच्या शनिवारी तिघं नदीवर निघाले. ओडेल, कॉर्बिन आणि डूली इम्प्सन. डूली हा तिथल्या मूळनिवासी चॉक्टॉ जमातीतला ओडेलचा शाळेपासूनचा मित्र. बोट त्याची होती, आणि तोंड बंद ठेवणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"जावई निघाला बर्फात," डूली इंजिनाशी बसून म्हणाला. "तिथे मासा धरायला आधी कुऱ्हाड लागते म्हणे."

कॉर्बिन हसला. मग पाण्याकडे बघत म्हणाला, "ओडेल, एक बोलायचं होतं. रागावू नका."

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन."

"शेल्बीला तुमची काळजी लागलीय. तुम्ही इथे एकटे, गाडी चालवताना नीट दिसत नाही तुम्हाला... मॅकअ‍ॅलेस्टरला एक जागा बघितलीय. वयस्कर माणसांची. चांगली आहे. अंगण आहे, डॉक्टर येतो, मागे तळंसुद्धा आहे. आत्ता जायचं म्हणत नाही मी. पुढेमागे. यादीत नाव घालून ठेवलंय, एवढंच."

"कुणाचं नाव?"

"तुमचं."

डूलीने मान फिरवली आणि इंजिनात काहीतरी बिघडल्यासारखं बघायला लागला.

"तळ्यात मासे आहेत का?" ओडेलने विचारलं.

"असतील. बदकं आहेत."

"बदकं," ओडेल म्हणाला.

त्याला राग आला होता. पण राग नेहमीसारखा डोक्यात चढला नाही. तो पोटात उतरून थंड बसला. आपण या पोराला पाण्यात उभं राहायला शिकवलं आणि हा आपल्याला बदकांपाशी बसवायला निघालाय. पोरगी तर नेतोच आहे, वर जाता जाता म्हाताऱ्याची व्यवस्था लावून जातोय, कुत्र्याला कुणाकडे सोपवावं तशी. हे सगळं तो मनात घोळवत होता आणि बोट वळणावरच्या सायकॅमोरच्या झाडाखाली येऊन थांबली.

तिथल्या मुळांखाली एक जुनं बीळ होतं. दोन वर्षांपूर्वी ओडेलने त्यातून चाळीस पौंडांचा मासा काढला होता. दोघं पाण्यात उतरले. पाणी कॉर्बिनच्या बरगड्यांपर्यंत, ओडेलच्या काखेपर्यंत. ओडेलने पाय पुढे सरकवला आणि बिळाच्या तोंडाशी टेकला.

गाळ होता. बोटांच्या मधून वर येणारा, लोण्यासारखा मऊ.

बोटीत काठी होती. डूली हात लांब करून देऊ शकला असता. ओडेलने पाय मागे घेतला. कॉर्बिन त्याच्याकडे बघत होता. ओठ थोडे उघडे, गुरुजींकडे बघावं तसा.

"काय आहे?" कॉर्बिनने विचारलं.

एक चावा बसेल, ओडेलच्या मनात आलं. दचकेल. हाताला खूण राहील. वायोमिंगला जाताना एवढं तरी कळेल, की सगळंच कळत नाही आपल्याला.

"जा," तो म्हणाला. "घाल हात."

कॉर्बिन क्षणभर थांबला. मग त्याने छाती भरून श्वास घेतला आणि खाली गेला.

पाण्यावर चार बुडबुडे आले. मग पाणी एकदा आतून हललं, कुणीतरी दार आपटल्यासारखं. कॉर्बिन वर आला. ओरडला नाही. उजवा हात पाण्याबाहेर धरून तो त्याच्याकडे बघत राहिला, जणू दुसऱ्याच कुणाचा हात चुकून त्याच्याकडे आला होता. तर्जनी मुळापासून नव्हती. मधलं बोट अर्ध्यावर तुटलं होतं, आणि त्यातलं पांढरं हाड आधी दिसलं, रक्त नंतर आलं.

"ओडेल," तो म्हणाला, "माझी बोटं..."

डूलीने त्याला काखेत धरून बोटीत ओढलं. ओडेलने कमरेचा पट्टा सोडला, मनगटाच्या वर घालून आवळला, दातात धरून आणखी आवळला. त्याचे हात स्थिर होते. ते इतके स्थिर कसे, याचं नंतर त्याला महिनोन्‌महिने नवल वाटत राहिलं.

"बोटं शोध!" डूली ओरडत होता. "ओडेल, बोटं!"

"त्याच्या पोटात गेली ती," ओडेल म्हणाला. "इंजिन चालू कर."

धक्क्यापर्यंत पाऊण तास, तिथून गाडीने आणखी तेवढाच वेळ. कॉर्बिन पुढच्या सीटवर डोळे मिटून बसला होता. एकदाच म्हणाला, "शेल्बीला सांगा, जास्त काही नाही." हात गुंडाळलेला टॉवेल तोवर पूर्ण लाल झाला होता.

तालुक्याच्या दवाखान्यातून त्याला टल्सा शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरबाईंनी शेल्बीला नीट समजावून सांगितलं. अशा चाव्याने माणूस मरत नाही. बहुतेकदा टाक्यांवर भागतं, बोटं जाणं दुर्मीळ. पण त्या मोठ्या जातीचा जबडा सुरीसारखा नाही, कात्रीसारखा मिटतो आणि चिरडतो. तुकडे मिळाले असते तरी जोडता आले असते की नाही सांगता येत नाही. खरी भीती आता नदीच्या पाण्याची आणि त्या तोंडातल्या घाणीची.

ती भीती खरी ठरली. पाचव्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला. दोनदा चिरून आतलं काढावं लागलं. तिसऱ्या वेळी मधल्या बोटाचं उरलेलं अर्धं आणि अनामिका वळवणारी शीरही कापावी लागली. ऑगस्टमध्ये कॉर्बिन घरी आला तेव्हा उजव्या हाताला अंगठा, न वळणारी अनामिका आणि करंगळी एवढंच उरलं होतं. वायोमिंगच्या कंपनीने चांगलं पत्र पाठवलं. शिडीवर कुणी लटकलं तर दोन्ही हातांनी दोर धरता आला पाहिजे, असा नियम होता. नियमात काही चूक नव्हती.

जे ओडेलला हवं होतं ते सगळं झालं. मुलगी राहिली. जाण्यासाठी बांधलेली खोकी पुन्हा उघडली गेली. मॅकअ‍ॅलेस्टरचं नाव कुणी काढलं नाही.

गावाने त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. चर्चच्या बायका झाकलेली भांडी घेऊन येत, भेंडीची भजी, कोंबडी, पीच भरलेली गोड पेस्ट्री. पाद्र्याने रविवारी ओडेलचं नाव घेतलं. प्रसंगावधान राखून पट्टा बांधला नसता तर पोरगा बोटीतच गेला असता, असं सगळ्यांनी ऐकलं. बाहेर पडताना लोक त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबत. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात तर गोष्ट दर आठवड्याला वाढत गेली. कासव ट्रकच्या चाकाएवढं होतं. ते एकदा धरलं की वीज कडाडेपर्यंत सोडत नाही. ओडेलने त्याच्या डोक्यात ठोसे घातले.

"आपण चार जणं जाऊन काढू या त्याला," दुकानदार म्हणाला. "सूप करू."

"कायद्याने बंदी आहे," डूली म्हणाला. "आणि त्याने काय केलं? आपल्या घरात बसलं होतं बिचारं. तुझ्या बेडरूममध्ये कुणी हात घातला तर तू काय करशील?"

"कुणाचा हात आहे त्यावर आहे ते," दुकानदार म्हणाला आणि सगळे हसले.

ओडेल हसला नाही. तो म्हणाला, "मी थांबवू शकलो असतो."

हसणं थांबलं. दुकानदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असं मनाला लावून घेऊ नकोस, ओडेल. पाण्याखालचं कुणाला दिसतं?"

"मला दिसतं," ओडेल म्हणाला. "पायाने."

त्यांनी मान हलवली आणि त्याला कॉफी दिली. जावयाच्या दुःखाने म्हातारा खचला, असं त्या दिवसापासून गावात बोललं जाऊ लागलं. त्याची आणखी काळजी घेतली जाऊ लागली.

परतताना गाडीत डूलीने विचारलं, "त्या दिवशी काठी का नाही मागितलीस?"

"विसरलो."

डूलीने पुढचे सहा मैल रेडिओ ऐकला. तो प्रश्न त्याने पुन्हा काढला नाही, पण त्यानंतर तो आठवड्यातून दोनदा यायचा तो महिन्यातून दोनदा यायला लागला.

कॉर्बिन ट्रेलरबाहेर पडेनासा झाला. शर्टाची बटणं लावायला त्याला वीस मिनिटं लागत. कुणी मदत केली तर तो शर्टच काढून फेकायचा. टीव्ही दिवसभर चालू असायचा, तो बघतच असेल असं नाही. शेल्बी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. सकाळी साडेपाचला निघायची, तीन वाजता यायची. तिच्या अंगाला तळणाचा वास यायचा. तिची आई याच वयात अशी दिसायला लागली होती, ओडेलला वाटायचं, गालफडं बसलेली, बोलताना दुसरीकडेच बघणारी.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी ती त्याच्या पायरीवर येऊन बसली. बूट काढले, पाय चोळत राहिली.

"तो रात्री झोपत नाही," ती म्हणाली. "विचारलं तर म्हणतो, बोटं दुखतात. नसलेली. मी काय करू, डॅडी?"

"डॉक्टरला विचार."

"विचारलं. वेळ जाऊ द्या म्हणतात." तिने डोकं त्याच्या गुडघ्यावर टेकवलं, लहानपणी टेकवायची तसं. "निदान तू आहेस. तू नसतास तर मी एकटी काय केलं असतं?"

ओडेलचा हात तिच्या केसांपर्यंत गेला आणि वरच्यावर थांबला. केसांवर तो ठेवायची त्याला लाज वाटली. ती थोड्या वेळाने उठून गेली. तो तिथेच बसून राहिला. यापेक्षा तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या थंडीत कॉर्बिन एकदाचा बाहेर आला. मागच्या आवारात लाकडं फोडायला उभा राहिला. कुऱ्हाड डाव्या हातात, उजव्याचा नुसता टेकू. पहिला घाव ओंडक्याच्या कडेला लागून निसटला, दुसऱ्याला कुऱ्हाडच हातातून सुटली आणि कुंपणापाशी पडली. ओडेल स्वयंपाकघरातून बघत होता. तो बाहेर गेला, कुऱ्हाड उचलली, पण परत दिली नाही.

"कॉर्बिन, ऐक माझं."

"द्या इकडे. मी करतो."

"त्या बिळात गाळ होता."

कॉर्बिनचा पुढे केलेला हात खाली आला.

"माझ्या पायाला लागला. मला कळलं होतं आत काय असेल. काठी मागायला हवी होती, मागितली नाही. तू त्या मॅकअ‍ॅलेस्टरचं बोलला होतास, त्याचा राग होता मला. वाटलं, एक चावा बसू दे. बोटं जातील असं नव्हतं वाटलं. देवाशपथ नव्हतं. पण माहीत असून मी तुला घाल म्हटलं."

कॉर्बिनने कुंपणाला पाठ टेकली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ते बघून ओडेल जास्त घाबरला.

"मला माहीत आहे," कॉर्बिन म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"गाळ. माझाही पाय होता ना तिथे. तुमच्या शेजारीच उभा होतो मी. तीन वर्षं तुम्हीच शिकवलंत, आधी पाय." त्याने उजवा हात खिशात घातला. "मला लागला गाळ. मी तुमच्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, आता हे काठी मागतील. तुम्ही मागितली नाही."

"मग तू का नाही बोललास?"

"काय बोलू? मी नको म्हटलं असतं तर तुम्ही डूलीकडे बघून हसला असता. तुम्ही हसायचात, ओडेल. तुम्हाला ते कळतही नसेल. तीन वर्षं मी काहीही केलं की तुम्ही त्या माणसाकडे बघायचात. मला वाटलं, ही शेवटची परीक्षा आहे. ही दिली की सुटलो. आणि मनात एक होतं, की हे मला मुद्दाम कासवाच्या तोंडी देणार नाहीत. काहीतरी माहीत असेल यांना, जे मला माहीत नाही." त्याने खिशातला हात बाहेर काढून बघितला. "हाताला ते लागलं, त्या क्षणी मला कळलं, की तुम्हालाही तेवढंच माहीत होतं."

थंड वारा आवारातून गेला. ओडेलच्या हातातली कुऱ्हाड खाली टेकली.

"चार महिने तू काही बोलला नाहीस," तो म्हणाला.

"वाट बघत होतो. तुम्ही सांगताय का ते."

"आता सांगितलं."

"हो," कॉर्बिन म्हणाला. "मला वाटलं होतं, तुम्ही सांगितलंत की बरं वाटेल. नाही वाटत."

"शेल्बीला..."

"मी नाही सांगणार. तुमची मुलगी आहे. सांगायचं की नाही ते तुम्ही बघा. पण तुमच्या टेबलावर मी परत नाही बसणार."

त्याने कुऱ्हाड ओडेलच्या हातातून डाव्या हाताने काढून घेतली, ओंडक्यात रोवून ठेवली आणि ट्रेलरमध्ये गेला.

शेल्बी तीन वाजता आली. ओडेलने तिला स्वयंपाकघरात बोलावलं. सांगायला फार वेळ लागला नाही. आवारात जे सांगितलं होतं तेच, त्याच क्रमाने, काही न गाळता. ती उभीच होती, गाडीची किल्ली हातात, कोट अंगावर. मॅकअ‍ॅलेस्टरच्या नावाशी ती एकदम खुर्चीवर बसली.

"ती जागा मी शोधली होती," ती म्हणाली.

"काय?"

"फोन मी केले. बघायला मी गेले. तुझं नाव यादीत मी लिहिलं. तुला सांगायचा धीर होत नव्हता मला, म्हणून कॉर्बिन म्हणाला, मी सांगतो. तुझ्यावर चिडतील, माझ्यावर चिडले तर काय बिघडलं, असं म्हणाला तो." तिने किल्ली टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. "काय बिघडलं, म्हणाला."

"मला माहीत नव्हतं," एवढंच तो म्हणाला, आणि म्हणताना त्यालाच ते लंगडं वाटलं.

"माहीत असतं तर? मग नसतं जाऊ दिलंस त्याला?"

नदीत त्या क्षणी पोटात जे थंड होऊन बसलं होतं ते कुणावर होतं, कॉर्बिनवर, तिच्यावर, मेलेल्या मार्व्हावर, का स्वतःच्या अधू डोळ्यांवर, हे त्याला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आताही कळत नव्हतं.

शेल्बीने फार वेळ वाट बघितली नाही. ती उठली. दाराशी जाऊन पाठमोरीच म्हणाली, "मी तुझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं होतं, डॅडी. तेव्हा तरी सांगायचंस."

आठ दिवसांत ते गेले. कॅन्ससला कॉर्बिनची मावशी होती, तिच्याकडे दोन खोल्या रिकाम्या होत्या. ट्रेलर ओढायला डूलीचा पुतण्या मोठा ट्रक घेऊन आला. सामान चढवताना ओडेल व्हरांड्यात उभा होता. त्याने एक खोकं उचलायला हात पुढे केला, तर शेल्बीनेच ते उचललं. कॉर्बिन ट्रकमध्ये बसला होता. काच वर होती. निघताना त्याने ओडेलकडे बघून मान एकदा किंचित खाली केली, ओळखीच्या माणसाला रस्त्यात करतात तशी. ओडेलने हात वर केला तोवर ट्रक वळला होता.

ट्रेलर होता तिथे गवताचा एक पिवळा चौकोन उरला. पाण्याची नळी आणि विजेची तार त्याच्या मधोमध उघडी पडली होती. ओडेलने तारेला चिकटपट्टी गुंडाळली, नळीला बूच मारलं.

त्या हिवाळ्यात त्याने चर्चला जाणं सोडलं. लोकांना वाटलं, मुलगी गेल्याचं दुःख. बायकांनी पुन्हा भांडी आणली. एकदा पाद्री घरी आला तेव्हा ओडेलने त्याला सगळं सांगायला घेतलं. पाद्री भला माणूस होता. त्याने मध्येच थांबवून म्हटलं, की दुःखात माणूस स्वतःवर नसलेले गुन्हे घेतो, आणि आपण दोघं डोळे मिटून प्रार्थना करू या. ओडेलने डोळे मिटले. पाद्री गेल्यावर त्याने आणलेलं भांडं ओडेलने तसंच बाहेर ठेवलं, ते सकाळपर्यंत रॅकूनने रिकामं केलं.

शेल्बीचा फोन महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचा, दुपारी दोनच्या सुमाराला. पाच मिनिटं, कधी चार. गोळ्या घेतोस का. घेतो. गाडी चालवतोस का. फक्त दुकानापर्यंत. मार्चमध्ये तिने सांगितलं, कॉर्बिनला धान्याच्या कोठारावर काम मिळालं. ट्रक वजनकाट्यावर आले की आकडे लिहून घ्यायचे. डाव्या हाताने लिहायला शिकलाय. अक्षर लहान मुलासारखं येतं, पण वाचता येतं.

"चांगलं झालं," ओडेल म्हणाला. मग विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणतो का?"

"नाही."

"चिडून तरी?"

"नाही, डॅडी. काहीच म्हणत नाही."

पलीकडे कुणीतरी दार उघडून आत आलं. जमिनीवर बूट आपटल्याचा आवाज आला. शेल्बीने फोनवर हात ठेवला असावा, कारण तिचं पुढचं बोलणं कापडातून आल्यासारखं ऐकू आलं. पुरुषाचा आवाज काहीतरी म्हणाला, ती काहीतरी म्हणाली, आणि बूट दुसऱ्या खोलीत गेले.

"इथे काल गारा पडल्या," ती परत फोनवर येऊन म्हणाली. "लिंबाएवढ्या. मावशीच्या गाडीची काच गेली."

"इकडे नाही पडल्या," ओडेल म्हणाला.

"बरं. ठेवते मी."

तिने फोन ठेवला. ओडेल उठला, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला आणि डोळे अगदी जवळ नेऊन एप्रिलचा पहिला रविवार किती तारखेला येतो ते शोधू लागला.